भागूचा बालविकास

नाशिक, मखमलाबाद रोड
रविवार, दुपारची भांडी घासून झाल्यावर

तीर्थस्वरूप अक्काच्या पायांवर धाकट्या भागूचं डोकं. (गुडघ्यांमुळे प्रत्यक्षात आता एवढं वाकता येत नाही, पण कागदावर वाकायला माझं काय जातं?) तुझी कंबर कशी आहे? भात झोडून घरात आला का? त्या तांबड्या गायीला यंदा तरी कालवड झाली की पुन्हा गोऱ्हाच? तुझा चंदर कल्याणहून येऊन गेला का, आणि आला असेल तर नेहमीसारखा 'आई, तिकडेच चल' म्हणून तुझ्याशी भांडून गेला का? इकडे आम्ही खुशाल आहोत. आमच्या ह्यांची साखर वाढली आहे, तरी ते दुकानातल्या गुळाच्या ढेपेला चिकटलेला चुरा 'वाया जातो' म्हणून तोंडात टाकतात. दीपक सकाळी अंबडला कंपनीत जातो तो संध्याकाळीच उगवतो. हर्षालीला नववा लागला. तिचे पाय सुजतात, बाकी डॉक्टर म्हणतात सगळं छान आहे.

तू म्हणशील, घरात चार फोन असताना ही बाई पत्र काय लिहीत बसली? अक्का, तुझा फोन मला पुरत नाही. मी 'हॅलो' म्हणते, तू 'बरी हाय' म्हणतेस आणि ठेवून देतेस. दिवाळीपासून आपलं एवढंच बोलणं झालंय. पत्र तसं मध्येच बंद करता येत नाही. (येतं म्हणा, पण तू करणार नाहीस. वाण्याकडच्या शेंगदाण्याची पुडीसुद्धा उलगडून, तेलाचे डाग उजेडात धरून, शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी बाई तू.)

तर बातमी अशी, की तुझी भागू बारावीत आहे. हसलीस तरी चालेल, इथे सगळ्यांचं हसून झालंय. घोटीच्या कॉलेजात माझी अकरावी झाली आणि लग्नाच्या गडबडीत बारावी राहिली ती राहिलीच. यंदा बाहेरून बसण्याचा, तो सतरा नंबरचा, फॉर्म भरला. मराठी, इतिहास, समाजशास्त्र वगैरे आहेतच, पण खरा विषय घेतलाय तो बालविकास. म्हणजे मूल कसं वाढतं, कधी बसतं, कधी उभं राहतं, का रडतं, ह्याचं शास्त्र. त्याचं पुस्तक आहे, परीक्षा आहे, आणि दर शनिवारी कॉलेजात जाऊन प्रात्यक्षिकही करावं लागतं.

आता हे खूळ डोक्यात का शिरलं ते सांगते. हर्षाली पोर गुणाची आहे, मनमाडच्या रेल्वेतल्या माणसांच्या घरातली, म्हणून वेळेची पक्की. (गाड्या उशिरा येत असतील, हिचा चहा कधी उशिरा येत नाही.) पण दिवस राहिल्यापासून तिच्या फोनमध्ये एक ॲप आलं. ते रोज सकाळी तिला सांगतं, की आज बाळ लिंबाएवढं झालं, आज वांग्याएवढं झालं. मी काही बोलायला जावं तर ती गोड आवाजात म्हणते, 'आई, आता तसं करत नाहीत.' डिंकाचा लाडू द्यायला गेले, आता तसं करत नाहीत. रात्री बाहेरून आलीस तर पाय धू म्हटलं, आता तसं करत नाहीत. तेव्हा मी ठरवलं, आता कसं करतात ते आपणच शिकून घ्यायचं आणि हिला पान नंबर सांगून गप्प करायचं. दीपकने फॉर्म भरताना विषयांची नावं वाचून दाखवली तशी मी म्हटलं, बालविकास टाक, हा तर माझ्या हातचा मळ. घरात एक मूल वाढवलंय, दुकानाच्या दारात गिऱ्हाइकांची शंभर वाढताना बघितलीत. पैकीच्या पैकी मिळतील म्हणून मी बिनधास्त होते.

पहिल्या शनिवारी कॉलेजात गेले. निळी इरकल, हातात पर्स, डोळ्यांवर चष्मा. वर्गात पाय ठेवला तशा सगळ्या पोरी धडाधडा उभ्या राहिल्या आणि 'गुड मॉर्निंग मॅडम' म्हणाल्या. मला काय सुचावं? मी म्हटलं, 'बसा.' बसल्या. एवढं कोणी माझं आजवर ऐकलं नव्हतं, म्हणून मी आणखी थोडा वेळ तशीच उभी राहिले. मग मागच्या बाकावर जाऊन बसले आणि सगळ्या पोरी माना वळवून माझ्याकडे बघायला लागल्या. तेवढ्यात एक बारीकशी पोर खांद्याला झोळी लावून आत आली आणि फळ्याजवळ घुटमळायला लागली. मी तिला म्हटलं, 'बस गं माझ्याजवळ, मॅडम यायच्यात अजून.' त्याच मॅडम. तृप्ती मॅडम. आमच्या दीपकपेक्षा लहान असतील. त्या हसल्या, पण हजेरी घेताना माझं नाव आलं आणि त्यांनी खड्या आवाजात 'भागूबाई' म्हटलं, तेव्हा मात्र पोरींना आवरेना. तुला आठवतं ना, शाळेत मला सगळे 'भित्री भागूबाई' चिडवायचे आणि तू घागर खाली ठेवून त्यांच्या मागे धावायचीस? मी वळून दाराकडे बघितलं, अक्का. इतक्या वर्षांनी, चोपन्नाव्या वर्षी, क्षणभर वाटलं की आता तू येशील. तू नाही आलीस. मग मीच उभी राहिले आणि 'हजर' म्हणाले. त्यानंतर संजना नावाची पोर माझ्या शेजारी येऊन बसली, ती अजून तिथेच बसते. तिला माझ्या डब्यातली नागलीची भाकर आवडते हे खरं कारण, पण मी ते मैत्री म्हणूनच धरलंय.

पुढची कहाणी चाचणीची. पहिला प्रश्न, बाळ सर्वसाधारणपणे कितव्या महिन्यात मान धरते? मी लिहिलं, हातात घेतल्यावर कळतं. दुसरा, बाळाच्या रडण्याची चार कारणे लिहा. मी अकरा लिहिली. भूक, ओलं, झोप, पोटात मुरडा, ही पुस्तकातली झाली. शिवाय दृष्ट लागणे, आजोबांची मिशी टोचणे, पाहुण्यांनी ओळख नसताना पापी घेणे, आणि काही कारण नसताना आपलं रडून बघणे. मॅडमनी शेवटच्या कारणापुढे लाल शाईने 'छान' लिहिलं आणि गुण पुस्तकातल्या चारांनाच दिले. वाढ आणि विकास ह्यांतला फरक मला आलाच नाही. मी लिहिलं की फरक फारसा नसतो, दोन्हींना दूध लागतं. खरा फरक असा आहे अक्का, की वाढ मोजता येते, फूटपट्टीने, तराजूने. विकास मोजता येत नाही, तो बघावा लागतो, आणि बघायला माणूस जवळ असावं लागतं. हे मी आता पाठ केलंय. पण तेव्हा यायला हवं होतं. सहा गुण मिळाले, वीसपैकी. घरी सांगितलं नाही. हर्षालीला उत्तरपत्रिका पिठाच्या डब्यामागे सापडली आणि तिने ती मुकाट तिथेच ठेवली. (सून चांगली आहे हे मी वर लिहिलंच आहे.)

मग प्रात्यक्षिक आलं. एका लहान मुलाचं निरीक्षण करायचं, आणि नियम असा की निरीक्षण करणाऱ्याने मध्ये पडायचं नाही. नुसतं बघायचं आणि लिहायचं. शेजारच्या संपदाचा शौनक आहे अडीच-तीन वर्षांचा. ती एका ऑफिसात नोकरी करते, शनिवारी दुपारी घरी असते. तिने आनंदाने पोर माझ्या स्वाधीन केलं आणि स्वतः झोपून घेतलं. मी वही घेऊन स्वयंपाकघरात स्टुलावर बसले. शौनक आला, त्याने इकडे तिकडे पाहिलं आणि नागलीच्या पिठाचा डबा उघडला. मी लिहिलं, 'बालक जिज्ञासू आहे.' त्याने दोन्ही हात आत घातले. 'स्पर्शज्ञान चांगले.' त्याने डबा आडवा केला. 'स्नायूंवर ताबा आहे.' मग तो त्या पिठात बसला, मग लोळला, आणि मी लिहीतच राहिले, कारण मध्ये पडायचं नव्हतं. तेवढ्यात आमचे हे जेवायला आले आणि त्यांनी दारातून बघितलं, की एक पोर भुतासारखं पांढरं होऊन फरशीवर लोळतंय आणि त्यांची बायको चष्मा लावून त्याची नोंद करतेय. ते म्हणाले, 'डोकं फिरलं काय गं तुझं?' मी म्हटलं, 'गप बसा, अजून दहा मिनिटं बाकी आहेत.' मग शौनक तिखटाच्या डब्याकडे वळला आणि तिथे माझं शास्त्र संपलं. मी त्याला उचलला, धुतला, आणि मॅडमनी शेरा दिला, निरीक्षण अपूर्ण.

पुढच्या शनिवारी संपदा म्हणाली, मागच्या वेळेसारखं नको, आणि तिने त्याच्या हातात मोबाइल देऊन पाठवला. मी अर्धा तास बसले. वहीत एकच वाक्य होतं, 'बालक हलत नाही.' तिसऱ्या वेळी मोबाइल घरी ठेवायला लावला, तर शौनकने ह्यांचा जुना चष्मा नाकावर चढवला, किराण्याची वही मांडीवर घेतली, माझ्यासमोर पाटावर बसला आणि माझ्याकडे बघून रेघोट्या मारू लागला. मी नाक खाजवलं की तो लिहायचा. मी पदर सारखा केला की तो लिहायचा. शेवटी मलाच अवघडल्यासारखं झालं. आणि चौथ्या शनिवारपर्यंत संपदाची पुण्याला बदली झाली. माझं बालक गेलं. जाताना त्याने मला टाटा केला आणि मी घरात येऊन रडले, त्याची नोंद कुठे करतात ते पुस्तकात नाही.

तेव्हा मॅडम म्हणाल्या, 'काकू, काळजी नको. तुमच्या स्वतःच्या मुलाचा विकासाचा इतिहास लिहा. आईला सगळं आठवतं.'

आणि अक्का, मला आठवेना.

का, ते तुला माहितेय. दीपक नुकता मान धरायला लागला होता (हे आठवतं, कारण मी त्याला काउंटरवर गोणपाटावर पालथं घालायचे आणि तो मान उचलून गिऱ्हाइकांकडे बघायचा), तेव्हा ह्यांना कावीळ झाली. पंचवटीतलं दुकान बंद ठेवून भागणार नव्हतं. तू आलीस, माझी तारांबळ बघितलीस, आणि सकाळी त्याला टॉवेलात गुंडाळून घोटीच्या एसटीत बसलीस. दुकान बुधवारी बंद असायचं, म्हणून मी बुधवारची आई झाले. बाकीचे वार तुझे. तो कधी पालथा पडला, कधी बसला, पहिला दात कुठला आला, सगळं सोमवारी नाहीतर शुक्रवारी झालेलं. वहीतले रकाने रिकामे राहिले. एकच भरता येत होता, चालण्याचा. तो बुधवार मी जन्मात विसरणार नाही. मी तुझ्या दाराशी आले आणि दीपक आतून चालत बाहेर आला. उंबरा ओलांडला, पायरी उतरला, वाटेत पडलेलं फुलपात्र वाकून उचललं आणि ते मला आणून दिलं. मी पिशवी टाकून रडायलाच लागले. तू आतून पीठभरल्या हाताने धावत आलीस आणि ओरडलीस, 'अगं बया, चालला! आत्ता चालला बघ! तुला बघून चालला गं पोर!' ही गोष्ट मी आजवर गावभर सांगितली आहे. दीपकच्या लग्नात हर्षालीच्या आईलासुद्धा सांगितली.

आता पुस्तकात त्याचं एक पान आहे. पहिली पावलं टाकणारं मूल हात वर धरतं, पाय फाकवतं, दोन पावलं टाकून बुडावर बसतं. उंबरा ओलांडणं, वाकून वस्तू उचलणं आणि न पडता पुढे चालणं हे त्यानंतर कित्येक आठवड्यांनी जमतं. मी ते पान वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. म्हणजे पोरगा महिनाभर तरी चालत होता! आणि तो सगळा महिना मी आले की तू त्याला कडेवरून खाली उतरू देत नव्हतीस. 'राहू दे, चिखल हाय, राहू दे, थंडी हाय.' मला वाटायचं अक्का पोराला फार लाडावते. त्या बुधवारी तुझे हात पिठात होते आणि तो निसटला, एवढंच. आणि तेवढ्या पळापळीत तुला सुचलं काय, तर 'आत्ता चालला'. अक्का, लबाड आहेस तू. मी वहीत चालण्याच्या रकान्यात लिहिलं, 'एका बुधवारी, आईला बघून.' तृप्ती मॅडम म्हणाल्या, 'काकू, हे शास्त्रात बसत नाही.' मी म्हटलं, 'मॅडम, ज्या बाईने त्याला सांभाळलं, तिने सांगितलंय. मी कोण बदलणारी?'

वहीच्या त्याच पानावर वर एक ओळ होती. बालकाचा सांभाळ करणारी व्यक्ती: आई, आजी, इतर. योग्य त्यावर खूण करा. मी 'इतर' ह्या शब्दाकडे बराच वेळ बघत बसले. मग त्यावर काट मारून शेजारी 'चंद्रभागा' लिहिलं. खाडाखोडीचा एक गुण गेला. जाऊ दे.

दुसरं प्रात्यक्षिक ह्याहून अवघड, स्वतःच्या बालपणाचा विकास. ह्यात तर माझ्याकडे सांगायला कोणीच नाही. आई-दादा गेले. तिघं भाऊ एवढंच सांगतात, की तू फार रडायचीस म्हणून आम्ही ओढ्यावर पळून जायचो. मला जे माहीत आहे ते असं. मी झाले आणि भाताची आवणी सुरू झाली, तशी आई खाचरात उतरली. तू चौथीत होतीस. मला कडेवर घेऊनच तू शाळेत गेलीस आणि गुरुजी म्हणाले, 'चंद्रभागे, शाळा पोरांचीच असते, पण एवढ्या पोरांची नव्हे.' मग तू बाहेर खिडकीशी उभी राहून पाढे म्हणायला लागलीस, मी कडेवर. एकदा तुझा हात अवघडला म्हणून मला खाली ठेवलंस, तर मी दारातून रांगत आत गेले. गुरुजींनी उचलून टेबलावर बसवलं आणि तेवीसचा पाढा संपेपर्यंत तिथेच ठेवलं. गावात चालत शाळेत गेलेल्या पुष्कळ आहेत, रांगत गेलेली मी एकटी. हे मला थोरल्या भावाने सांगितलं. आणि हेही सांगितलं, की पुढे खिडकीशी उभं राहणंही बंद झालं. 'शाळा सोडली' असं कोणी म्हटलंच नाही, एक दिवस तू फक्त गेली नाहीस. तुझ्या तोंडून मी हे कधी ऐकलं नाही. तू सांगतेस ते सगळं मजेचं. बांधावरच्या उंबराला लुगड्याची झोळी बांधायचीस, चिखलाचा बैल करून माझ्या हातात द्यायचीस आणि मी त्याचं डोकं खायचे. (कारक विकास, स्पर्श, चव, तिन्ही एका बैलात. आता मला नावं माहीत झालीत.) खेळणं बनवायच्या प्रात्यक्षिकाला पोरींनी थर्माकोल, चमकी, काय काय आणलं. मी चिखलाचा बैल करून नेला. मॅडमनी विचारलं, 'काकू, उद्दिष्ट काय लिहू?' मी म्हटलं, 'भात लावून होईपर्यंत पोर गप्प बसावं.' दहापैकी तीन. बैल वाळला नव्हता, टेबलावर त्याचा पाय निखळला, त्याचेही कापले असावेत.

आता दिवाळीआधीच्या त्या गोष्टीकडे येते. इतका वेळ टाळत होते, तूही टाळलीस. डोहाळेजेवणाला तू बाळंतशोपा, वावडिंग, वेखंड, धुरीचं सामान, काजळाची डबी असं गाठोडं बांधून आणलंस, आणि हर्षाली म्हणाली, 'मावशी, धुरी आणि काजळ डॉक्टरांनी नको सांगितलंय.' तू गाठोडं परत बांधलंस, म्हणालीस, 'आता पुस्तकातली पोरं होणार, आमचं काय काम?' आणि ओटी भरून झाली तशी संध्याकाळच्या गाडीने गेलीस. मी सुनेला गप्प करायला पान नंबर शोधत होते ना, तर मी ती पानं वाचली. अक्का, धुरीच्या बाबतीत पुस्तक बरोबर आहे. धूर इवल्याशा छातीत जातो. काजळही नको, आणि तान्ह्याला मध तर अजिबातच नको. तुझी बहीण असूनही सांगते, कारण बारावीला बसलेय. पण त्याच धड्यात पुढे आठ पानं आहेत. बाळाला हलक्या हाताने तेल लावावं, पायांवर घेऊन कोमट पाण्याने न्हाऊ घालावं, त्याच्याशी सारखं बोलावं, ते ऊं म्हणालं की आपणही ऊं म्हणावं, रडलं तर उचलावं, त्याने पोर बिघडत नाही. ती आठ पानं मी वाचली तेव्हा मला नुसती तूच दिसत होतीस, मोरीत पाटावर बसलेली, लुगडं गुडघ्यापर्यंत, पायांवर दीपक, आणि तोंडाने अखंड बडबड.

परवा संध्याकाळी ती पानं मी हर्षालीला मोठ्याने वाचून दाखवली. ती पाय वर घेऊन बसली होती. वाचून झालं तशी म्हणाली, 'आई, मोठ्या मावशी माझ्यावर रागावल्यात का?'

मी म्हटलं, 'नाही गं, भात झोडतेय ती.'

'दिवाळीपासून?'

मग तिचे डोळेच भरून आले. म्हणाली, 'मी धुरी नको म्हटलं होतं. मावशी नको असं कुठे म्हटलं? मला भीती वाटते आई. ॲप सांगतं बाळ आता कलिंगडाएवढं झालं. पुढे त्याला धरायचं कसं, ते नाही सांगत.'

मी तिला धीर दिला, म्हटलं मी आहे ना. पण आतून मलाही माहीत आहे आणि तुलाही, की दीपकला न्हाऊ घालायला मी किती वेळा बसले असेन. मान धरेपर्यंत सासूबाई होत्या, पुढे तू होतीस. बुधवारी तू म्हणायचीस, 'आज तू घाल.' आणि मी म्हणायचे, 'राहू दे, तूच घाल, मी बघते.'

असो. पत्र फार लांबलं. कंबरेला वेखंडाचा लेप लाव (तो तुलाच चालतो, पुस्तकाची हरकत नाही), गायीला माझा निरोप सांग, आणि थंडीत पहाटे अंगणात बसू नकोस. ह्यांचा आणि दीपकचा नमस्कार, हर्षालीचा वाकून, म्हणजे जेवढं वाकता येतं तेवढं.

तुझी,
भागू

ता. क. माझ्या प्रात्यक्षिकासाठी काही माहिती तातडीने हवी आहे. मी कधी बसले, कधी चालले, दात कधी आले, आणि पहिला शब्द कोणता. पहिला शब्द 'अक्का' असं कळवू नकोस. तसं तू आम्हा चारही भावंडांना वेगवेगळं गाठून सांगितलेलं आहे, आम्ही मागच्या भाऊबिजेला ताडून पाहिलं. उत्तरं पत्राने नको, नीट समजत नाहीत. समक्ष येऊन सांगावीस.

ता. क. दुसरा, सोमवार. वरचं खोटं आहे. वही मागच्याच शनिवारी मॅडमना देऊन झाली. सगळे रकाने मी मनाने भरले, मी सातव्या महिन्यात बसले आणि वर्षाची होताच चालले असं लिहिलंय, मॅडमना फार आवडलं. मला काहीच विचारायचं नाही. तू ये. बाळंतपणाला ये आणि पोर मान धरेपर्यंत राहा. धुरी-काजळ सोडून तुझं सगळं चालेल, हे हर्षालीने स्वतः मला लिहायला सांगितलंय. मला परीक्षेचा अभ्यास आहे, हे तू चंदरला कारण सांग.

ता. क. तिसरा, गुरुवार सकाळ, दवाखान्यातून. हे पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं. हर्षालीचे दिवस भरायच्या आधीच काल दुपारी मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत, डॉक्टर म्हणाले वजनही चांगलं आहे. नर्सने पोर माझ्या हातात दिली आणि अक्का, बालविकासाच्या दोनशे पानांपैकी मला एक ओळ आठवेल तर शपथ. ती रडली, मीही रडले, आणि हर्षाली म्हणाली, 'आई, मावशींना आणा.' तुला फोनवर कोणी सांगायचं नाही अशी मी घरात सगळ्यांना ताकीद दिली आहे, तू 'बरं झालं' म्हणून ठेवून दिला असतास. हे पत्र दीपक स्वतः गाडी घेऊन आणतोय. त्याला सांगितलंय की हे शेवटचं पान सगळ्यात वर ठेव, पण तो बापावर गेलाय, तो खालीच ठेवेल. तेव्हा पहिल्यापासून वाचत वाचत तू इथवर आली असशील, तर पोर तासभर तुझ्या दारात गाडी चालू ठेवून उभा आहे आणि तुझ्या धाकाने हाक मारत नाही. गाय शेजारी सांग, लुगडी दोनच घे. ऊठ, अक्का.